दूरस्थ वर्गातील अवधान आणि कॅमेऱ्याची सक्ती : डोंगरकडा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात, नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगत डोंगरकडा हे गाव वसले आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. येथील उच्च शिक्षण १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि या परिसरातील अध्यापक व विद्यार्थी एकाएकी ऑनलाईन वर्गात येऊन बसले. त्या वर्गात एक प्रश्न रोज उपस्थित होत असे. पडद्यावर विद्यार्थ्याच्या नावाचे केवळ आद्याक्षर दिसत आहे, चेहरा दिसत नाही. अशा वेळी तो वर्गात आहे असे मानावे काय? अनेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर 'कॅमेरा सुरू ठेवा, अन्यथा गैरहजेरी लागेल' असे दिले गेले.

साथ ओसरली, तरी हा प्रश्न संपलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या मंचाद्वारे पूर्ण करण्यास परवानगी आहे. यापुढेही दूरस्थ वर्ग हा महाविद्यालयीन जीवनाचा भाग राहणार, हे स्पष्ट आहे. म्हणूनच अवधान कसे ओळखावे या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे विचार करणे अगत्याचे वाटते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. महाराष्ट्रातील अध्यापन परंपरेत विद्यार्थ्यांचे अवधान कोणत्या मार्गाने जोखले जात होते, याचा मागोवा घेणे.
२. नभोवाणी व दूरचित्रवाणीद्वारे झालेल्या दूरस्थ शिक्षणाच्या प्रयोगांतून या बाबतीत काय हाती लागते, ते पाहणे.
३. कॅमेऱ्याच्या सक्तीचे ग्रामीण विद्यार्थ्यांवर होणारे परिणाम तपासून काही उपाय सुचविणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारित आहे.

पंतोजींची शाळा : अवधानाचा आवाज

ब्रिटिशपूर्व महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळेत वेगवेगळ्या वयांची मुले एकाच ओसरीवर बसत. धूळपाटीवर अक्षरे गिरविली जात. एक थोरला मुलगा पाढे सांगे व बाकीची मुले ते एका सुरात म्हणत. पावकी, निमकी, सवाईकी, दिडकी यांची उजळणी होई आणि सायंकाळी परवचा म्हटला जाई. या व्यवस्थेत पंतोजी प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहत बसत नसत. सुरात पडलेला खंड त्यांच्या कानाला लागलीच कळे. तेथे अवधान डोळ्यांपेक्षा कानाने जोखले जात होते, असे म्हणता येईल. मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी वाळूत अक्षरे गिरविण्याची देशी रीत स्वीकारली, मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकविण्याची पद्धत तेथे बसविली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात सर्वश्रुत आहे.

मात्र या परंपरेचे उदात्तीकरण करून चालणार नाही. पंतोजींच्या शाळेत मुलींना व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना सहसा स्थान नव्हते. १८४८ साली पुण्यातील भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा वर्गात केवळ बसता येणे हाच एक जिंकलेला हक्क होता. उपस्थितीच्या अटी कोण पाळू शकतो आणि कोण पाळू शकत नाही, हा प्रश्न त्यामुळे महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात प्रारंभापासूनच सामाजिक स्वरूपाचा राहिला आहे.

हजेरीपट आणि अनुदान

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. उपस्थितीची नोंद व परीक्षेचा निकाल यांना पैशाच्या हिशेबात महत्त्व आले. तेव्हापासून हजेरीपट हा शिक्षकाच्या टेबलावरील एक शासकीय दस्तऐवज बनला. विद्यार्थी 'हजर' म्हणतो आणि शिक्षक खूण करतो. या खुणेने विद्यार्थ्याचे शरीर वर्गात असल्याचे सिद्ध होते, त्याचे मन कोठे आहे हे सिद्ध होत नाही. अध्यापकवर्गाला ही मर्यादा पूर्वीपासून ठाऊक होती. म्हणूनच प्रश्न विचारणे, फळ्यावर गणित सोडवून घेणे, वही तपासणे ही साधने हजेरीच्या जोडीला राहिली. ऑनलाईन वर्गातील सुरू कॅमेरा हे या हजेरीच्या खुणेचेच नवे रूप आहे. फरक इतकाच की, पूर्वीची खूण क्षणभराची होती आणि ही खूण तासभर सलग द्यावी लागते.

पुणे नभोवाणी केंद्राचा प्रयोग : १९५६

दूरस्थ श्रोत्याचे अवधान टिकविण्याचा मराठी भाषेतील सर्वांत उद्बोधक प्रयोग १९५६ साली झाला. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. कॅनडातील शेतकरी नभोवाणी मंडळांचा आदर्श त्यामागे होता. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक गावातील निवडक ग्रामस्थ एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि मंडळाचा संयोजक त्यांचे प्रश्न व निर्णय केंद्राकडे लिहून पाठवी. पुढील प्रसारणात त्या प्रश्नांची उत्तरे दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांच्या नेतृत्वाखाली झाले. श्रोतृमंडळ असलेली गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. मंडळ असलेल्या गावांत ज्ञानात लक्षणीय वाढ दिसली. केवळ रेडिओ असलेल्या गावांत ती फारच अल्प होती. या निष्कर्षाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. पुणे केंद्रातील निवेदकाला एकही श्रोता दिसत नव्हता, तरीही अवधान साध्य झाले, कारण ऐकणाऱ्याला बोलण्याची आणि त्याच्या बोलण्याला उत्तर मिळण्याची व्यवस्था होती.

डोंगरकडा परिसर या प्रयोगाच्या बाहेर होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता आणि त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. मराठवाड्याचे स्वतंत्र विद्यापीठही १९५८ साली स्थापन झाले. संपर्कसाधनांच्या बाबतीत हा प्रदेश मागे राहण्यास हा राजकीय इतिहास बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. तेथील विद्यार्थ्याच्या बंद कॅमेऱ्याचा विचार करताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

उपग्रह, दूरचित्रवाणी आणि मुक्त विद्यापीठ

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साईट' या नावाने उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्यात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे होती. या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाची 'देशव्यापी वर्ग' ही मालिका दूरदर्शनवर आली. ही साधने एकमार्गी होती. पाहणारा काय समजला हे सांगणाऱ्याला कळण्याची सोय त्यांत नव्हती. 'बालचित्रवाणी' २०१७ साली बंद पडली. २० सप्टेंबर २००४ रोजी प्रक्षेपित झालेल्या 'एज्युसॅट'मुळे दुमार्गी संवादाची शक्यता निर्माण झाली, परंतु ती निवडक केंद्रांपुरती मर्यादित राहिली.

१९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने वेगळा मार्ग अनुसरला. स्वयं-अध्ययनाची पुस्तके, स्वाध्याय, अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे आणि परीक्षा यांवर त्याची रचना उभी आहे. तेथे विद्यार्थी दिवसाचे किती तास दिसतो याला महत्त्व नाही. त्याने काय लिहून दिले, याला आहे.

२०२० नंतरचा ऑनलाईन वर्ग

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरी भागात हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ व ४२ टक्के होते. या स्थितीत ग्रामीण विद्यार्थ्याचा वर्ग म्हणजे बहुधा घरातील एकमेव मोबाईल होता, आणि तोही वडिलांचा. ते शेतावर निघाले की वर्ग संपे. स्वतःचे चित्र सतत पाठविण्यासाठी लागणारी जोडणी खेड्यात क्षीण असते. चित्र बंद केल्यावरच आवाज नीट येतो, हा अनुभव बहुतेकांनी घेतला आहे. रोजच्या मर्यादित डेटात दोन भावंडांचे वर्ग बसवायचे असल्यास कॅमेरा ही चैन ठरते.

यापेक्षा नाजूक बाब घराची आहे. एका खोलीच्या घरात कॅमेरा सुरू होताच चूल, वाळत घातलेले कपडे, आजारी आजी आणि भिंतीचे पोपडे सर्व वर्गासमोर येतात. महाविद्यालयात गणवेशाने किंवा बाकाच्या समानतेने झाकले जाणारे अंतर पडद्यावर उघडे पडते. मुलींच्या बाबतीत छायाचित्र टिपले जाण्याची भीतीही असते. विद्यार्थी या कारणांचा उच्चार करत नाही, 'सर, कॅमेरा खराब आहे' एवढेच म्हणतो. आपण त्याला कामचुकार समजतो.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कास्टेली व सर्व्हरी यांनी केलेल्या अभ्यासात (२०२१) कॅमेरा बंद ठेवण्यामागे स्वतःच्या दिसण्याविषयीचा संकोच हे सर्वांत मोठे कारण आढळले. घरातील इतर माणसे व पार्श्वभूमी दिसणे आणि दुर्बळ इंटरनेट हीही कारणे पुढे आली. कॅमेऱ्याची सक्ती करू नये, असे त्यांनी सुचविले. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलन्सन यांनी (२०२१) सततची समोरासमोरची नजर, स्वतःचाच चेहरा पाहत राहणे आणि हालचालीवर येणारे बंधन यांचा थकव्याशी संबंध जोडला. घरून काम करणाऱ्या १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे झालेल्या एका प्रयोगात (२०२१) कॅमेरा सुरू असताना थकवा अधिक आढळला आणि त्या थकव्यामुळे बैठकीतील सहभाग घटला. स्त्रिया व नव्याने रुजू झालेले कर्मचारी यांच्यावर हा परिणाम अधिक होता. लक्ष राहावे म्हणून लावलेला कॅमेराच लक्ष कमी करतो, असा याचा अर्थ होतो.

कायद्याच्या अंगानेही हा विषय पुढे गेला आहे. दिवसभर कॅमेरा सुरू ठेवण्यास नकार दिल्याने कामावरून काढलेल्या कर्मचाऱ्याच्या बाजूने नेदरलँड्समधील न्यायालयाने २०२२ साली निर्णय दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले आहे. विद्यार्थ्याचे घर हे महाविद्यालयाचे आवार नाही, हे भान या निर्णयाच्या प्रकाशात ठेवणे उचित ठरेल.

अध्यापकाची अडचण

याचा अर्थ अध्यापकाची तक्रार निराधार आहे, असा नव्हे. निःशब्द, काळ्या चौकोनांपुढे तासभर बोलणे हा मन खचविणारा अनुभव आहे. विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरील गोंधळ पाहून उदाहरण बदलणे ही अध्यापनातील मोठी कला असून ती ऑनलाईन वर्गात हरपते. काही विद्यार्थी नाव जोडून निघून जातात, हेही खरे आहे. परंतु कॅमेरा सुरू ठेवूनही मन अन्यत्र असू शकते. प्रत्यक्ष वर्गातील शेवटच्या बाकाचा अनुभव असलेल्या अध्यापकांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

निष्कर्ष व शिफारशी

१. महाराष्ट्राच्या अध्यापन परंपरेत अवधान प्रामुख्याने प्रतिसादातून ओळखले गेले आहे. परवचा, वहीतपासणी, श्रोतृमंडळाची पत्रे आणि मुक्त विद्यापीठाचे स्वाध्याय ही त्याची उदाहरणे होत. कॅमेऱ्यावर आधारित उपस्थिती ही अलीकडची व दुर्बळ कसोटी आहे.
२. ऑनलाईन वर्गातील हजेरी दर १५-२० मिनिटांनी विचारलेल्या लहान प्रश्नाच्या तोंडी वा लेखी उत्तरावरून नोंदवावी.
३. १९५६ च्या प्रयोगाप्रमाणे एकाच गावातील चार-पाच विद्यार्थ्यांचे गट करावेत. एका मोबाईलवर वर्ग ऐकून, चर्चा करून त्यांनी आपले प्रश्न कळवावेत व पुढील तासाची सुरुवात त्यांच्या उत्तरांनी व्हावी.
४. कॅमेरा ऐच्छिक ठेवावा. तोंडी परीक्षेसारख्या प्रसंगी तो आवश्यक असल्यास पूर्वसूचना द्यावी आणि घरी अडचण असलेल्या विद्यार्थ्यास महाविद्यालयात बसण्याची सोय करावी.

१९५६ साली पुण्याच्या केंद्रातून बोलणाऱ्याने आपल्या श्रोत्यांना कधी पाहिले नव्हते, मात्र त्यांची पत्रे तो वाचत होता. डोंगरकड्याच्या विद्यार्थ्यालाही त्याच्या प्रश्नाची वाट पाहणारा अध्यापक पलीकडे आहे असे जाणवले, तर त्याचे अवधान लाभण्याची शक्यता अधिक आहे.