ब्राउझरवरची बांडगुळं

'ब्राउझर हायजॅक' हा शब्द मला कधीच पटलेला नाही. हायजॅक म्हटलं की डोळ्यांसमोर येतं विमान, पिस्तूल आणि घाबरलेले प्रवासी. इथे तसं काहीच होत नाही. हे म्हणजे परगावच्या स्टेशनवर उतरून रिक्षात बसल्यासारखं. तुम्ही म्हणता देवळात चला, आणि रिक्षा थांबते साडीच्या दुकानापाशी. "बघायला काय पैसे पडतात साहेब?" तुम्ही आत पाऊल टाकलंत की रिक्षावाल्याचं कमिशन जमा. साडी घ्या नाहीतर नका घेऊ!

ब्राउझर पळवणाऱ्या प्रोग्रॅम्सचा सगळा इतिहास हा या कमिशनचा इतिहास आहे. (ब्राउझरला 'न्याहाळक' म्हणायची टूम मध्यंतरी मराठी महाजालावर निघाली होती. गोड शब्द आहे, पण मी आपला ब्राउझरच म्हणतो.)

सुरुवात तशी सज्जनपणे झाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी छोटे छोटे प्रोग्रॅम फुकट वाटणाऱ्यांना पोट भरायला काहीतरी हवं होतं. मग प्रोग्रॅमच्या एका कोपऱ्यात जाहिरात दाखवायची आणि जाहिरातदाराकडून पैसे घ्यायचे असा मार्ग निघाला. यालाच ॲडवेअर म्हणू लागले. यात गैर काय? आपण टीव्ही बघतो तो जाहिरातींसकटच. फरक एवढाच, की टीव्ही बंद केला की जाहिरात बंद होते. इथे मूळ प्रोग्रॅम काढून टाकला तरी जाहिरातीचा भाग मागे राहून आपलं काम करत बसे. २००० साली स्टीव्ह गिब्सन या अमेरिकन प्रोग्रॅमरला स्वतःच्याच संगणकावर ऑरिएट नावाच्या कंपनीचा असा भाग सापडला, आणि तो काढायला त्याने 'ऑप्टआउट' नावाचं छोटं साधन लिहून लोकांना फुकट दिलं. पुढे लाखो लोकांनी वापरलेली 'ॲड-अवेअर' आणि 'स्पायबॉट' ही साधनंही त्याच सुमाराची.

त्या काळी सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसलेल्यांना आणखी काही मंडळी नक्की आठवतील. जांभळ्या रंगाचा तो बोलका गोरिला, बॉन्झी बडी! गाणी म्हणायचा, विनोद सांगायचा, आणि मधूनच होमपेज बदलायचा. त्याच्या कंपनीच्या जाहिराती विंडोजच्या सूचनेसारख्या दिसत. 'तुमच्या संगणकाचा पत्ता उघडा पडला आहे' अशी चौकट, आणि तिच्यावरचं फुलीचं बटण म्हणजे निव्वळ चित्र. त्यावर खटला झाला आणि २००३ साली कंपनीला जाहिरातींवर 'जाहिरात' असं लिहायचं कबूल करावं लागलं. पुढच्या वर्षी मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ७५ हजार डॉलरचा दंड केला. गेटर हा दुसरा. पासवर्ड लक्षात ठेवतो म्हणून घरात यायचा आणि दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर आपल्या जाहिराती झळकवायचा. २००२ साली वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स वगैरे वृत्तपत्रांनी त्याला कोर्टात खेचलं. वर्षभरात तडजोड झाली, आणि गेटरने काय केलं? नाव बदलून क्लॅरिया केलं.

आता मुद्दा असा, की ही मंडळी आत शिरली कशी? दार कोणी फोडलं नाही, दार होतंच. मायक्रोसॉफ्टने १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत 'ब्राउझर हेल्पर ऑब्जेक्ट' नावाची सोय केली. नाव बघा, मदतनीस! कोणालाही आपला छोटा मदतनीस ब्राउझरला जोडता यावा. अॅडोबीचा पीडीएफ दाखवणारा मदतनीस याच दाराने यायचा आणि जाहिरातवालाही याच दाराने. म्हणजे दाराशी बसलेल्या रखवालदाराला दोघांत फरक दिसणार कसा? दोघंही सारखेच कपडे घालून, सारख्याच रांगेतून येत होते.

आमच्याकडे कोकणात आंब्यावर बांडगूळ येतं. ते लांबून ओळखू येत नाही, कारण त्यालाही हिरवी पानं असतात, फुलं-फळंही येतात. झाडाचीच एखादी फांदी वाटते. जवळ जाऊन पान निरखलं तरच ते आंब्याचं नाही हे कळतं. आणि नुसती वरची पानं ओरबाडून उपयोग नसतो. त्याची मुळं फांदीच्या लाकडात उतरलेली असतात, म्हणून ते जिथे रुजलंय त्याच्या खालून फांदी कापावी लागते. ॲडवेअर ओळखायचं आणि काढायचं शास्त्र अगदी हेच आहे.

हे शास्त्र उभं राहिलं ते कूलवेबसर्चमुळे. २००३ च्या मे महिन्यात हे प्रकरण दिसू लागलं. होमपेज बदललेलं, शोध घ्यायला जावं तर भलतंच पान, बुकमार्कांत अश्लील संकेतस्थळं. काही अवतार मायक्रोसॉफ्टच्या जावामधल्या एका भोकातून, काहीही न विचारता आत यायचे. होमपेज पुन्हा नीट करावं तर संगणक चालू केला की परत जैसे थे! मेरिन बेलेकॉम नावाच्या नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थ्याने याचा पिच्छा पुरवला. एकेका अवताराची नोंद ठेवत त्याने 'सीडब्ल्यूश्रेडर' हे साधन लिहिलं. आज एक अवतार काढावा तर उद्या दुसरा हजर, असा तो खेळ २००४ पर्यंत चालला. मग ते साधन एका कंपनीने घेतलं. एकट्या माणसाने पैसेवाल्या टोळीशी किती दिवस झुंजायचं, नाही का?

पण त्याचं खरं मोठं काम वेगळंच होतं. 'हायजॅकधिस'. हा प्रोग्रॅम काही ओळखतच नव्हता! हे चांगलं, हे वाईट असं तो कधी सांगायचा नाही. ब्राउझरमध्ये आणि विंडोजमध्ये शिरायची जेवढी म्हणून दारं आहेत, तेवढ्या सगळ्या ठिकाणी आत्ता कोण बसलंय याची यादी फक्त समोर ठेवायचा. प्रत्येक दाराला एक खूण. आर-शून्य आणि आर-एक म्हणजे होमपेज आणि शोधाचं पान. ओ-एक म्हणजे होस्ट्स फाइल, जिच्यात दोन ओळी घुसवल्या की नाव एकाचं टंकायचं आणि पोचायचं दुसरीकडेच. ओ-दोन म्हणजे ते मदतनीस, ओ-तीन टूलबार, ओ-चार म्हणजे संगणक सुरू होताच आपोआप उठणारे प्रोग्रॅम. ही यादी घेऊन जगभरचे लोक जाणकारांपुढे टाकत आणि ते जाणकार, बहुतेक सगळे हौशी, विनामोबदला एकेक ओळ वाचून सांगत. ही ठेवा, ही काढा, ही मात्र हाताळू नका.

'हाताळू नका' हे फार महत्त्वाचं बरं का. ओ-दहा या खुणेखाली अशी मंडळी असत, जी थेट इंटरनेटच्या साखळीतच एक कडी होऊन बसत. उत्साहाच्या भरात ती फाइल पुसली की साखळीच तुटे आणि संगणकाचं इंटरनेट बंद पडे. काही जोडीने राहत. एकाला बंद केलं की दुसरा त्याला लगेच उठवी. म्हणून आधी संगणक सेफ मोडमध्ये चालू करायचा, दोघंही झोपलेले असताना त्यांना उचलायचं, आणि मग सेटिंग दुरुस्त करायची. क्रम उलटा झाला की मेहनत वाया. फांदी खालून कापायची ती अशी.

तोवर या धंद्यात पैसा किती आणि कोणाचा हे बाहेर येऊ लागलं होतं. ऑक्टोबर २००४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने स्पायवेअरवरचा आपला पहिला खटला भरला, सॅनफर्ड वॉलेस या जुन्या स्पॅमवाल्यावर. त्याची करामत अशी, की लोकांच्या संगणकाचा सीडीचा ट्रे आपोआप बाहेर यायचा आणि पडद्यावर इशारा झळकायचा, की असं होत असेल तर तुम्हाला तातडीने स्पायवेअर काढायची गरज आहे. ते काढायचं औषध तोच विकायचा, ३० डॉलरला! आजार देणारा आणि औषध विकणारा एकच. २००६ साली कोर्टाने त्याला ४० लाख डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली.

आणि जाहिराती कोणाच्या? जानेवारी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने अशा ॲडवेअरमधून जाहिरात केल्याबद्दल प्राइसलाइन, ट्रॅव्हलोसिटी आणि सिंग्युलर यांच्याकडून प्रत्येकी तीस-पस्तीस हजार डॉलर वसूल केले. विमानाची तिकिटं आणि मोबाइल विकणाऱ्या चांगल्या नावाजलेल्या कंपन्या या. मध्ये चार दलाल असले की आपला पैसा कुठे पोचतो हे न बघण्याची सोय होते. साडीच्या दुकानाचा मालक कुठे रिक्षावाल्याला ओळखतो?

चोराच्या उलट्या बोंबाही झाल्या. झँगो नावाच्या ॲडवेअर कंपनीने २००६ साली फेडरल ट्रेड कमिशनला ३० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, आणि पुढच्याच वर्षी 'आमचा प्रोग्रॅम अडवता' म्हणून कॅस्परस्कीवर खटला भरला. २००९ साली अपील कोर्टाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. नकोशा गोष्टी गाळणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे असं सांगितलं. तोवर झँगोने गाशा गुंडाळला होता. पण अशा दाव्यांची भीती किती होती याची खूण भाषेत राहिलीच. अँटिव्हायरसवाले आजही या मंडळींना व्हायरस म्हणत नाहीत, 'संभाव्य नकोसा प्रोग्रॅम' म्हणतात. काय ही अदब!

इथपर्यंत वाचून वाटेल, की हा सगळा वैतागाचा इतिहास, फार तर पैशांचा. तसं नाही. कनेक्टिकट राज्यातल्या नॉर्विच गावात ऑक्टोबर २००४ मध्ये एक बदली शिक्षिका सातवीच्या वर्गावर गेली. वर्गातला संगणक विंडोज ९८ वर चालणारा, नको ती पानं अडवणाऱ्या फिल्टरची मुदत संपलेली. केशरचनांच्या एका साध्या दिसणाऱ्या संकेतस्थळावरून अश्लील चित्रांच्या चौकटी उघडू लागल्या. एक बंद केली की दुसरी. संगणक बंद करू नये असं तिला बजावलेलं होतं. मुलांनी चित्रं पाहिली आणि शिक्षिकेवर गुन्हा दाखल झाला. जानेवारी २००७ मध्ये तिला चार आरोपांत दोषी ठरवलं. शिक्षा होऊ शकत होती ४० वर्षांपर्यंत! पोलिसांनी संगणकात ॲडवेअर आहे का हे तपासलंच नव्हतं. पानावरचा एक दुवा लाल दिसतोय, म्हणजे तिने त्यावर क्लिक केलंय, असं कोर्टात सांगण्यात आलं. पुढे सुरक्षाक्षेत्रातल्या काही जाणकारांनी पदरमोड करून त्या हार्ड डिस्कची तपासणी केली, तेव्हा दिसलं की तो लाल रंग पानाच्या कोडमध्येच लिहिलेला होता.

जून २००७ मध्ये निकाल रद्द होऊन फेरखटल्याचा आदेश झाला. पण प्रकरण तिथे संपलं नाही. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये किरकोळ गैरवर्तनाचा आरोप मान्य करून, १०० डॉलर भरून आणि शिकवण्याचा परवाना परत करून ती सुटली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या चौकटींच्या मागे कमिशन घेणारे जे कोणी होते, त्यांचं नावसुद्धा त्या कोर्टात कोणी घेतलं नाही. संगणकातलं बांडगूळ ओळखता न येणं हा एखाद्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होऊ शकतो, तो असा.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २००४ च्या ऑगस्टमध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने पॉपअप अडवायला सुरुवात केली, नोव्हेंबरात फायरफॉक्स आला, आणि जुनी दारं हळूहळू बंद झाली. मग या मंडळींनी समोरचं दार धरलं. दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरमध्ये एक आधीच टिक केलेली चौकट, 'नेक्स्ट, नेक्स्ट' करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी. जावाच्या अपडेटबरोबर येणारा आस्क टूलबार आठवतोय? २०१४-१५ मध्ये तर कुंपणानेच शेत खाल्लं. लेनोवोच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर सुपरफिश नावाचा जाहिरातवाला कारखान्यातूनच येऊ लागला. तो बँकेच्या सुरक्षित पानातही डोकवायचा आणि त्याची किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती! २०१७ मध्ये ३२ राज्यांना मिळून ३५ लाख डॉलर देऊन ते मिटलं.

आज हायजॅकधिसची यादी कोणी मागत नाही, क्रोमने तर आपलं सफाईचं साधनही २०२३ मध्ये काढून टाकलं. पण पाहायच्या जागा त्याच आहेत, नावं तेवढी बदलली. मदतनिसांच्या जागी एक्स्टेन्शन आली. ती यादी उघडा आणि जे आपण आणलं नाही ते काढा. शोधाचं इंजिन आणि सुरुवातीचं पान बघा. सूचना पाठवायची परवानगी कोणाकोणाला दिलीय ते बघा, आजच्या बऱ्याचशा जाहिराती त्या 'अलाउ'च्या एका क्लिकवर जगतात. घरच्याच संगणकावर ब्राउझर म्हणत असेल की मी तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहे, तर अनेकदा अँटिव्हायरसने केलेली ती सेटिंग असते, पण एखाद्या आगंतुकाने धोरणांच्या सेटिंगमध्ये मुळं रोवलेलीही असू शकतात. आधी प्रोग्रॅम काढा, मग एक्स्टेन्शन, मग सेटिंग. क्रम तोच, वीस वर्षांपूर्वीचा.

आणि ओळखायची कसोटीही तीच. कोडकडे बघून ती लागत नाही, कारण चांगल्याचा आणि वाईटाचा कोड पुष्कळदा सारखाच असतो. प्रश्न तीनच विचारायचे. याला मी बोलावलं होतं का? हा जा म्हटल्यावर जातो का? आणि याला पैसे कोण देतं? घरात राहायला येणाऱ्या कोणालाही हेच विचारलं असतं, मग ब्राउझरमध्ये येणाऱ्याला का विचारू नये?