प्लेगविरोधी सागरी क्वारंटीन (आशियाई बंदरे)

प्लेग बंदरात शिरू नये, किंवा शिरला असल्यास तिथून पुढे जाऊ नये, यासाठी जहाज, उतारू, खलाशी आणि माल ठरावीक मुदतीपर्यंत अलग ठेवण्याची व्यवस्था. क्वारंटीन हा शब्द इटालियनमधील ‘चाळीस दिवस’ या अर्थाच्या शब्दावरून आला. ही पद्धत भूमध्य समुद्रातली जुनी असली, तरी आशियात तिची खरी कसोटी 1894 नंतरच्या प्लेगच्या साथीत लागली.

मे 1894 मध्ये हाँगकाँग रोगग्रस्त बंदर म्हणून जाहीर झाले. ‘हायजिया’ हे जहाज रुग्णालय म्हणून वापरण्यात आले. त्या वर्षी शहरात सुमारे 2,500 माणसे दगावली. जूनमध्ये तिथेच अलेक्झांडर येर्सिन याने प्लेगचा जंतू शोधला आणि गल्लीतल्या मेलेल्या उंदरांतही तोच असल्याचे दाखवून दिले. बंदरांच्या नियमांत मात्र उंदराला जागा मिळायला आणखी नऊ वर्षे लागली.

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत पहिला रुग्ण ओळखला तो मांडवीत, म्हणजे गोदीला लागून असलेल्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत. लाखो लोक शहर सोडून निघाले. समुद्रमार्गे रोग कराचीला आणि कच्छमधल्या मांडवीलाही पोहोचला. मराठी वृत्तपत्रांनी ज्याला ग्रंथिक सन्निपात म्हटले, त्या या साथीमुळे मुंबई हे जगाच्या नजरेत संशयित बंदर ठरले. निघणाऱ्या प्रत्येक जहाजावरच्या उतारूंची वैद्यकीय तपासणी सुरू झाली.

युरोपीय राष्ट्रांनी 1897 मध्ये व्हेनिस येथे केवळ प्लेगसाठी परिषद भरवली. तीत जहाजांचे तीन वर्ग झाले. ज्यावर रुग्ण आहे किंवा गेल्या 12 दिवसांत होता ते रोगग्रस्त; प्रवासात रुग्ण सापडला, पण 12 दिवसांत नवा नाही ते संशयित; बाकीची निरोगी. परिषदेपुढचा मोठा प्रश्न हज यात्रेकरूंचा होता. त्या वर्षी मुंबईहून यात्रेकरूंना जाण्याची मनाई झाली. यात्रा चालू असे तेव्हा त्यांना तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर थांबावे लागे. उस्मानी सरकारने 1882 मध्ये तिथे छावणी उभारली होती. कपडे वाफेच्या यंत्रात, माणसे झोपड्यांत, आणि त्याचे शुल्क यात्रेकरूंच्याच खिशातून. डेकवर पथारी पसरून जाणाऱ्या गरीब उतारूला जे सोसावे लागे, ते केबिनमधल्या प्रवाशाच्या वाट्याला क्वचितच येई. रोग भाडे पाहून चढत नाही, तरी क्वारंटीनचा भार भाड्याप्रमाणेच वाटला गेला.

जपानने 1899 मध्ये बंदर-क्वारंटीनचा कायदा केला. योकोहामाजवळच्या नागाहामा ठाण्यावर त्याच वर्षी तरुण हिदेयो नोगुची याने ‘अमेरिका मारू’ या बोटीवरचा प्लेगचा रुग्ण ओळखला. तरीही वर्ष संपण्याआधी कोबेत प्लेग निघालाच. त्यानंतर जपानी शहरांनी नागरिकांकडून उंदीर विकत घेण्यास सुरुवात केली.

माणूस अडवूनही रोग का सुटतो, याचे उत्तर पॉल-लुई सिमाँ याने 1898 मध्ये कराचीत शोधले: जंतू उंदरावरच्या पिसवेतून पसरतो. तेव्हाच्या तज्ज्ञांनी ते मान्य केले नाही. काही वर्षांनी मुंबईतल्या प्रयोगांनी ते पक्के झाले. उतारू क्वारंटीनच्या पिवळ्या निशाणाखाली दिवस मोजत असताना काळा उंदीर जहाज बांधलेल्या दोरखंडावरून धक्क्यावर उतरत होता, किंवा धान्याच्या पोत्यांबरोबर पडावात जात होता.

पॅरिसच्या 1903 च्या करारात जहाजावरील उंदरांचा नाश हा उपाय म्हणून आला. जहाजाच्या तळघरात गंधकाचा धूर कोंडणे, दोरांवर पत्र्याच्या चकत्या बसवणे, रात्री शिडी वर ओढून घेणे ही कामे बंदरांच्या नित्यक्रमात शिरली. माणसांना अडकवून ठेवण्याची मुदत हळूहळू घटली. 1926 च्या करारापासून जहाजांची दर सहा महिन्यांनी उंदरांसाठी तपासणी होऊ लागली आणि तसा दाखला कप्तानाजवळ असणे बंधनकारक झाले. आजच्या जहाज-स्वच्छता दाखल्याची मुदतही सहा महिन्यांचीच आहे.