माशाचं पाणी, भाजीची मुळं



आज मी परसातल्या एका पिंपाबद्दल बोलणार आहे. पिंपात मासे, त्याच्यावर खडीचा वाफा आणि वाफ्यात पालक. माशांचं पाणी छोट्या मोटारीनं वाफ्यात चढतं, खडीतून आणि मुळांतून झिरपून परत पिंपात पडतं. याला ॲक्वापोनिक्स म्हणतात. आमच्या एकलहऱ्यातल्या गटानं उत्साहात पिंप भरलं आणि त्याच दिवशी पंधरा बोटुकली सोडली. नवव्या दिवशी सगळी उलटी तरंगत होती. पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. गटाचे पैसे गेले, आणि "हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे" असं म्हणून दोघीजणी बाजूला झाल्या. मासे का मेले, ते शोधायला निघाले तेव्हा मला या पिंपाचा इतिहास सापडला. तो आधी कळला असता, तर ते मासे वाचले असते.

सुरुवात आपल्याच मोरीपासून करू. आपल्या आज्या मोरीच्या पाण्यावर अळू, केळ, कर्दळ लावायच्या. पाणी वाया जात नसे आणि मोरीपाशी घाणही साचत नसे. कोकणात नारळाच्या मुळाशी मासळीचं खत घालतात. म्हणजे घाण पाणी झाडाला चालतं आणि माशाचं खत पिकाला मानवतं, हे आपल्या बायकांना ठाऊकच होतं.

चीनच्या चिंगत्येन भागात भाताच्या खाचरात मासे पाळायची रीत हजार वर्षांहून जुनी आहे. मासे कीड आणि तण खातात, त्यांची विष्ठा भाताला मिळते. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं २००५ साली या शेतीला जगाचा शेती-वारसा म्हणून मान दिला. तिकडे मेक्सिकोत लोक उथळ तळ्यात मातीचे लांबट वाफे उभारत आणि मधल्या पाटांचा गाळ काढून त्यावर घालत. त्या वाफ्यांवर आजही भाजी पिकते.

आपल्या महाराष्ट्रातला दाखला विदर्भातला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले. पुढे मालगुजारांकडे होते, म्हणून त्यांना मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. तलावाच्या पाण्यावर भात पिके आणि ढिवर समाज मासे धरी. १९५० नंतर मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभाल हळूहळू सुटली. गाळ साचला, बेशरमीची झुडपं माजली, पाण्यातल्या गावरान वनस्पती गेल्या आणि त्यांच्यामागून गावरान मासेही कमी झाले. अलीकडच्या वर्षांत तिथल्या ढिवर बायकांच्या गटांनी बेशरम उपटली, तलावाच्या काठाची जमीन नांगरली आणि पाणवनस्पती पुन्हा लावल्या. नुसतं बी सोडून भागत नाही, माशाला खायला आणि अंडी घालायला वनस्पती लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी आधी झाडं लावली, मग माशांची वाट पाहिली. आमचं चुकलं ते नेमकं इथं.

पण पिंपात झाडाच्याही आधी कुणीतरी लागतं. तो कामकरी डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. अमोनिया पाण्यात दिसत नाही, पण तो माशाला विष आहे. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून गटाराचं पाणी हळूहळू झिरपवलं. वीस दिवस काहीच झालं नाही. मग पाण्यातला अमोनिया जाऊन त्याचं नायट्रेट, म्हणजे झाडाचं खत, बनायला लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा काम थांबलं. थोडं ताज्या मातीचं पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे काम करणारा कुणीतरी जिवंत होता. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं ते जीवाणू वेगळे करून दाखवले.

ते वीस दिवस ऐकल्यावर मला आमचे नऊ दिवस आठवले. आमच्या खडीवर जीवाणू वसलेच नव्हते. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासे आपल्याच अमोनियात गुदमरले.

पुढचा टप्पा बियाण्याचा. पूर्वी रोहू, कटला, मृगळ यांचं बी नदीतूनच गोळा करावं लागे, कारण हे मासे बंद तळ्यात अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून ओरिसात त्यांचं प्रजनन घडवून आणलं. म्हणून १० जुलै हा आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन आहे. आज मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली विकत मिळतात, ती याच कामामुळे.

मासे, जीवाणू आणि भाजी यांना एका पिंपात आणलं ते अमेरिकेत. १९६९ साली तिथं न्यू अल्केमी नावाची संस्था निघाली. घराला पुरेल इतकं अन्न थोड्या जागेत कसं पिकवावं, याचे प्रयोग ती करी. १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात मॅकमर्ट्री यांनी माशांचं पाणी वाळूच्या वाफ्यातून फिरवून भाजी घेतली. गोड्या पाण्याची टंचाई असलेल्या व्हर्जिन बेटांवर जेम्स रेकॉसी यांनी तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरण्याची पद्धत बसवली. टंचाईतूनच ही रीत वाढली, म्हणून ती आपल्याला जवळची वाटते.

आता आपलं एकलहरे. गोदावरीच्या पाण्याच्या भरवशावर १९७० च्या सुमारास इथं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. चिमण्या गावातून दिसतात, तरी वीज आपल्याकडेही जाते. मोटार थांबली की पाण्यातला प्राणवायू आधी संपतो. म्हणून मासे कमीच ठेवायचे, आणि वीज गेली की तांब्यानं पिंपातलंच पाणी उंचावरून पिंपात ओतत राहायचं. वीस वॅटची मोटार दिवसरात्र चालली तर महिन्याला साडेचौदा युनिटच्या आसपास वीज खाते. हा खर्च गटाच्या वहीत पहिल्या दिवसापासून लिहा.

दुसऱ्यांदा आम्ही असं केलं. रसायन न भरलेलं दोनशे लिटरचं पिंप घेतलं. दुसऱ्या पिंपाचं अर्धं कापून त्यात धुतलेली काळी खडी भरली. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवलं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. गावातल्या चांगल्या तळ्यातलं एक बादली पाणी ओतलं, मोटार सुरू केली, पालक आणि पुदिना लावला, आणि मासे नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाकलं, ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून. याला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं साहित्य मिळतं. दोन्ही शून्यावर आल्यावरच आठ सिप्रनस सोडले. पाच मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या. भाजीवर औषध फवारू नका, ते थेट माशांपर्यंत पोचतं. थाई मागूर कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका, त्याला बंदी आहे. घरात माळकरी असतील तर शोभेचे मासे पाळा, पालकाला काही फरक पडत नाही.

एका पिंपावर संसार चालणार नाही, हे खरं सांगते. आठवड्याला दोनदा घरची पालेभाजी आणि वर्षाकाठी चार मासे, एवढीच आशा धरा. हात बसला की पुढचं पिंप.

बाजूला झालेल्या दोघींपैकी एक परवा येऊन पिंपात डोकावली. "पाणी जरा हिरवट दिसतंय गं," म्हणाली. म्हटलं, "दिसू दे. मागच्या वेळी काचेसारखं होतं." ती हसली आणि पुदिन्याची काडी घेऊन गेली.