वेस्ट फाल्मथचा गाळ

१६ सप्टेंबर १९६९. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट फाल्मथजवळ 'फ्लोरिडा' हा तेलवाहू बार्ज खडकांवर आदळला आणि सुमारे ७ लाख लिटर डिझेलसारखं इंधन बझर्ड्स बेमध्ये सांडलं. तवंग विरला, पण वुड्स होलची समुद्रविज्ञान संस्था जवळच होती आणि तिथे रसायनशास्त्रज्ञ मॅक्स ब्लूमर होते.

त्यांनी तळाचा गाळ उपसला, द्रावकात त्यातलं तेल उतरवलं आणि तो अर्क मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडला. हे यंत्र मी नोकरीत वर्षानुवर्षं चालवलंय, त्यामुळे आलेख डोळ्यांपुढे येतो: टोकदार शिखरं, आणि खाली न सुटलेल्या मिश्रणाचा बैलाच्या वशिंडासारखा फुगवटा. अर्काच्या नुसत्या वजनावर भागत नाही. गाळात निसर्गाचे स्वतःचे हायड्रोकार्बनही असतातच. जिवाणू कार्बनच्या सरळ साखळ्या आधी खातात, फांद्या असलेलं प्रिस्टेन हे हायड्रोकार्बन मागे उरतं. म्हणून सतरा कार्बनची साखळी आणि प्रिस्टेन यांची शिखरं ताडून पाहायची. तेल किती कुजलंय ते तिथे उघडं पडतं. मला तरी ही युक्ती फार देखणी वाटते.

जीवशास्त्रज्ञ हॉवर्ड सँडर्स त्याच तळातले मेलेले जीव मोजत होते.

तीस वर्षांनी ख्रिस रेड्डी आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच वाइल्ड हार्बरच्या दलदलीतून गाळाचे उभे नमुने काढले. पृष्ठभागाखाली काही सेंटीमीटरवर तेच इंधन निघालं. सरळ साखळ्या संपल्या होत्या, बाकीचं बरंचसं शिल्लक होतं.