घरातला वॉटर सॉफ्टनर: सुरक्षित वापर आणि देखभाल

साबणाला फेस येत नाही, बादलीवर पांढरे डाग पडतात, गीझरची कॉइल वारंवार खराब होते. ही जड पाण्याची लक्षणे आहेत. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. त्यावर उपाय म्हणून घरी वॉटर सॉफ्टनर बसवला असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा: सॉफ्टनरमधून आलेले पाणी आंघोळीसाठी आणि धुण्यासाठी असते. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वेगळा नळ ठेवावा.

सॉफ्टनर नेमके काय करतो?

यंत्राच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात व बदल्यात सोडियम सोडतात. काही दिवसांनी मणी भरून जातात. मग मिठाच्या पाण्याने ते धुवावे लागतात. याला रीजनरेशन म्हणतात.

म्हणजेच पाणी जितके जड, तितके सोडियम जास्त मिसळते. जडपणा लिटरला 400 मिलिग्रॅम असेल, तर मऊ झालेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे 184 मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. असे 3 लिटर पाणी दिवसभरात पोटात गेले, तर साधारण 550 मिलिग्रॅम सोडियम वाढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. जेवणातले मीठ मोजूनमापून खाणाऱ्या रुग्णासाठी पाण्यातली ही भर लहान नाही.

तुम्हाला सॉफ्टनरची गरज आहे का?

मुंबई महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा धरण-तलावांमधून येते. ते सहसा मऊच असते. प्रश्न येतो तो विहीर, बोअरिंग आणि टँकरच्या पाण्याचा.

गोराईसारख्या गावात एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे. अशा ठिकाणी उपसा वाढला की विहिरीच्या पाण्यात खारटपणा उतरू शकतो. खारे पाणी आणि जड पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टनर खारटपणा काढत नाही, उलट सोडियम वाढवतो. पाणी चवीलाच खारट लागत असेल, तर पिण्यासाठी आरओ किंवा दुसरा स्रोत लागेल.

टीडीएस मीटरवरून जडपणा कळत नाही. सॉफ्टनरनंतरही टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. जडपणाची वेगळी तपासणी करून घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते.

हे पाणी कोणी पिऊ नये?

- उच्च रक्तदाब, हृदय निकामी होण्याचा त्रास किंवा किडनीचा आजार असलेले
- डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेले
- पावडरचे दूध घेणारी बाळे (दूध याच पाण्यात कालवू नये)

पाणी उकळून सोडियम जात नाही. आरओने ते बरेच कमी होते. काही ठिकाणी मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरतात. किडनीच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये, कारण रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते.

देखभाल कशी करावी?

- सॉफ्टनरसाठीच्या मिठाच्या गोळ्या किंवा स्वच्छ जाडे मीठ वापरा. बारीक आयोडीनयुक्त मिठाचे गठ्ठे होतात.
- महिन्यातून एकदा मिठाच्या टाकीत डोकावा. वर कडक थर जमून खाली पोकळी झाली असेल, तर लाकडी दांड्याने तो अलगद फोडा.
- टाकीचे झाकण घट्ट बसवा. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून गाळ काढा.
- रीजनरेशन चालू असताना ते पाणी वापरू नका. नंतरही पाणी खारट लागले, तर पूर्ण धुतले जाईपर्यंत थांबा.
- रीजनरेशनचे खारे पाणी झाडांना किंवा विहिरीजवळ सोडू नका.
- घर बरेच दिवस बंद असेल, तर आल्यावर आधी रीजनरेशन करा. साचलेल्या पाण्यात रेझिनवर जिवाणू वाढू शकतात, आणि सॉफ्टनर जंतू मारत नाही.
- डाग काढताना ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

नेहमीचे दोन प्रश्न

*सॉफ्टनरने मुलाचा एक्झिमा बरा होईल का?* इंग्लंडमध्ये 336 मुलांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक फायदा दिसला नाही. मलम आणि मॉइश्चरायझर बंद करू नका.

*जड पाण्याने मुतखडा होतो का?* तसा ठोस पुरावा नाही. पाणी कमी पिणे हे मोठे कारण आहे.

डॉक्टरांना कधी भेटावे?

सॉफ्टनर बसवल्यानंतर रक्तदाब वाढला, पायांवर सूज आली किंवा वजन झपाट्याने वाढले, तर लवकर तपासून घ्या. धाप लागत असेल तर वाट न पाहता रुग्णालयात जा. घरात कोणते पाणी पिता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. औषधे मात्र स्वतःहून बदलू नका.