तेलाच्या गाळणीची कथा

प्रारंभींच्या मोटारींत तेल गाळण्यास बहुधा तारेची जाळीच असे. धातूचा बारीक कीस तींतून निसटून बेअरिंगें झिजवी. १९२३ सालीं अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनीं ‘प्युरोलेटर’ गाळणी काढून ही उणीव भरून काढली.

१९४५ ते १९४९ या काळांत बनलेल्या एम. जी. टी. सी. या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीलाहि बदलतां येणारी गाळणी आहे. अशी गाडी रत्नागिरींत चालविल्यास जांभ्याची तांबडी धूळ हवेबरोबर इंजिनांत शिरून अखेर तेलांत उतरते; म्हणून गाळणी वेळींच बदलावी. नवी बसवून इंजिन सुरू करतांच तेलदाबाचा काटा पाहावा. तो न चढल्यास इंजिन तत्काळ थांबवावें. कोरडीं बेअरिंगें पाहतां पाहतां जळून जातात, आणि टी. सी. आतां कारखान्यांत पुन्हा घडणार नाहीं.