जनावरांचा दवाखाना आणि ‘कर्तव्य’ हा शब्द

मागच्या व्याख्यानात आपण कर्तव्य कशाला म्हणायचं ते पाहिलं. आज तोच प्रश्न गोठ्यात नेऊ या. रात्री गाईचं पोट फुगलं, तर तिच्यासाठी डॉक्टरची सोय करणं हे कायद्यानं कुणाचं काम? उत्तरासाठी थोडं मागं जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात बुळकांड्याची साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. १८८६ मध्ये मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. पुढे जनावरांचे दवाखाने चालवणं हे जिल्हा लोकल बोर्डांचं एक काम झालं. बोर्डाचा पैसा कुठला? बराचसा शेतसाऱ्यावरच्या लोकल फंडाचा. रुपयामागे एक आणा. म्हणजे बघा, ज्या बैलाच्या कष्टावर सारा भरला जायचा, त्याच बैलाचा हा दवाखाना.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेनं पशुवैद्यक हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला. महाराष्ट्रानं १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यानं पशुसंवर्धन जिल्हा परिषदेकडे दिलं. ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यातही गुरांची सर्वसाधारण निगा हा विषय आहे. १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं अकराव्या अनुसूचीत पशुसंवर्धन घातलं. पण तिथं शब्द असे, की विधिमंडळ पंचायतींना अधिकार ‘देऊ शकेल’. द्यावेच लागतील, असं नाही.

आता मुख्य मुद्दा. जिल्हा परिषद काय, ग्रामपंचायत काय, दोन्ही कायदे ‘कर्तव्य’ हाच शब्द वापरतात, पण लगेच पुस्ती जोडतात: हाताशी असलेला निधी पुरेल तेवढ्यापुरतं. कांटनं पूर्ण आणि अपूर्ण अशी कर्तव्यांची विभागणी केली, ती आपल्याला आठवत असेल. हे सरळ सरळ अपूर्ण कर्तव्य झालं. करायचं आहे, पण किती आणि कुणासाठी, ते करणाऱ्यानं ठरवायचं.

साथीच्या रोगाला मात्र कायद्याची भाषा बदलते. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अनुसूचित रोगाचा संशय आला, तर मालकानं गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवलंच पाहिजे. २०२२ मध्ये लम्पी आला, तेव्हा लसीकरण गावोगाव पोहोचलं. का? रोग एका गोठ्यात थांबत नाही म्हणून. एकट्या गाईचं पोट फुगलं तर शेजारच्या गोठ्याला धोका नसतो, आणि तिथं कायदा मवाळ होतो. पण ज्याच्या घरी ती एकच गाय आहे, त्याच्या दृष्टीनं साथ आणि पोटफुगी यांत फरक तो काय?

निधी पुरेल तेवढं, हे मान्य. पण निधी काही पावसासारखा आभाळातून पडत नाही. तो अंदाजपत्रकात ठरतो, आणि अंदाजपत्रक आपण निवडून दिलेली माणसं मंजूर करतात. तेव्हा दवाखान्याच्या दाराला कुलूप दिसलं, तर ‘कायद्यात आहे का?’ एवढंच विचारून भागणार नाही. ‘यंदा किती पैसे ठेवलेत?’ हेही ग्रामसभेत विचारायला हवं. अपूर्ण कर्तव्य पूर्ण करून घेण्याची तेवढी एक वाट आपल्या हातात आहे.